तिसरा आग्रह

प्रल्हाद भारंबेंना कुणीही काहीही देऊ केलं, तरी त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, "नको नको." उन्हातून चालत आलेला माणूस, घशाला कोरड पडलेली, तरी पाणी विचारलं की "आत्ताच प्यालो." दुसऱ्यांदा विचारलं की आवाज जरा उतरायचा, "राहू द्या हो, कशाला त्रास." तिसऱ्यांदा विचारलं की मग, तुमचं मन मोडवत नाही म्हणून सांगतो अशा थाटात, "बरं, द्या घोटभर." आणि तांब्या रिकामा व्हायचा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. पण जळगावात ते भांडं सगळ्यांना दिसत असे, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

शिवाय नाना स्वतःच वाढणारे. घरचे आणि गिऱ्हाइकं, सगळेच त्यांना नाना म्हणत. बसस्टँडच्या मागे त्यांची खाणावळ होती. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी, आणि गुरुवारी वरण-बट्टी. चाळीस वर्षं तो धूर त्यांनी छातीत घेतला आणि त्या धुरावर एकुलत्या एका मुलीला इंजिनिअर केलं. खाणावळीचा नियम एकच होता. तीनदा विचारल्याशिवाय ताट उचलायचं नाही.

"पहिलं नको रीतीचं असतं, बेटा," ते ऋजुताला सांगायचे. ती तेव्हा शाळेतून आली की दप्तर टाकून पाण्याचा जग घेऊन फिरायची. "दुसरं भिडेचं असतं. तिसऱ्यांदाही नको म्हणाला, तर ते पोटाचं. तेवढंच खरं धरायचं."

आता बघा, हे ऐकत वाढलेल्या मुलीने मोठेपणी नियम लिहिला, तो असा की माणसाला एकदाच विचारायचं.

*

२०४१ साली ऋजुता बेंगळुरूला तरंग एअर नावाच्या विमान कंपनीत होती. तिचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. चांगली सेवा दिली तर प्रवासी जास्त भाडं देतील का, हे शोधून काढायचं.

प्रश्न जुनाच होता. लोकांना विचारा, "पाय पसरायला जागा दिली, गरम जेवण दिलं, तर थोडे जास्त द्याल का?" शंभरातले सत्तर म्हणायचे, "अवश्य." तेच सत्तर तिकीट काढताना सगळ्यात स्वस्त भाडं कुठलं तेवढंच बघायचे, आणि मग विमानात गुडघे हनुवटीला लावून कंपनीला शिव्या द्यायचे. त्या "अवश्य"वर भरवसा ठेवून भल्याभल्यांनी हात पोळून घेतले होते.

तशात तरंगच्या तंत्रज्ञांनी झुळूक तयार केली.

त्यामागचं विज्ञान काही फार अवघड नाही. विमान पस्तीस हजार फुटांवर उडतं. तिथल्या विरळ हवेत माणूस मिनिटभरात बेशुद्ध पडेल, म्हणून आत हवा दाबून भरतात. पण जमिनीवर असतो तेवढा दाब भरला तर विमानाच्या सांगाड्यावर फार ताण येतो. मग मधला मार्ग म्हणून आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असते तेवढी विरळ ठेवतात. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या प्रत्येक प्रवासी कळसूबाईच्याही वर जाऊन येतो. धडधाकट माणसाला ते कळत नाही. फार तर डोकं जड होतं, जांभया येतात.

दुसरी गोष्ट इंधनाच्या टाकीची. तिथे आग लागू नये म्हणून हवेतला नायट्रोजन गाळून टाकीत भरतात. गाळून जी हवा उरते तिच्यात ऑक्सिजन जास्त असतो, आणि ती इतकी वर्षं बाहेर फेकली जात होती. तरंगच्या लोकांनी ती बारीक नळ्यांतून खुर्चीच्या डोक्याशी आणली आणि प्रवाशाच्या नाकासमोर हलकेच सोडली. साध्या हवेत ऑक्सिजन शंभरात एकवीस भाग असतो, झुळुकेत अठ्ठावीस. एवढ्या फरकाने आठ हजार फुटांवरचा माणूस जमिनीवर असल्यासारखा श्वास घेतो. जगातली सगळ्यात चांगली सेवा, आणि तीही टाकाऊतून.

पण चाचणीत ती कुणी घेईना.

"फरकच कळत नाही लोकांना," इनामदार म्हणाले. ते ऋजुताचे साहेब, मूळचे बेळगावचे. मराठीत बोलायला मिळावं म्हणून दुपारी तिला मुद्दाम आपल्या टेबलावर जेवायला बोलवायचे. "आपण आतली हवा सहा हजारांवर ठेवतो. ती आधीच बरी आहे. बऱ्या हवेत बसलेल्याला चांगली हवा कशी विकणार?"

"मग?"

"कायदा आठ हजारांपर्यंत परवानगी देतो."

ऋजुताने घास हातातच धरला. "म्हणजे साधी हवा बिघडवायची."

"बिघडवायची कशाला? कितीतरी विमानं आठ हजारांवरच उडतात. आपणच उगाच दानशूर झालो होतो." त्यांनी डब्यातली चटणी तिच्याकडे सरकवली. "घे. आईच्या हातची आहे."

इनामदार वाईट माणूस नव्हते. त्यांचं बोलणं कायद्यात बसत होतं आणि चटणीही चांगली होती. ऋजुताने आठ हजारांच्या अहवालावर सही केली.

मग झुळूक विकायची कशी, ते तिनेच ठरवलं. तिकिटाबरोबर विकायची नाही, कारण जमिनीवर कुणाला हवेची किंमत नसते. विमान वर गेलं, खुर्चीच्या हातावरच्या मापकाला प्रवाशाच्या रक्तातला ऑक्सिजन उतरलेला दिसला, की त्या क्षणी खुर्चीने प्रवाशाच्या भाषेत गोड आवाजात विचारायचं. आणि एकदाच. चाचणीत दुसऱ्यांदा विचारलं की लोक वैतागत होते. "नकार हा नकार मानावा," असं तिने लिहिलं, आणि लिहिताना तिला छानही वाटलं. कॉलेजात असताना मैत्रिणींना खाणावळीत नेलं होतं, तेव्हा नानांनी पोरींच्या मागे लागून लागून वाढलं होतं, आणि ती शरमेने अर्धी झाली होती. माणसाच्या शब्दाला मान द्यावा, त्याला छळू नये, असं तिला तेव्हापासून वाटायचं. त्यात तिचं काय चुकलं म्हणा.

सहा महिन्यांत शंभरातले एकोणीस जण झुळूक घेऊ लागले. इनामदारांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले.

*

त्याच वर्षी ऋजुताच्या आईचं, कुमुदताईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन बेंगळुरूला झालं. आई लेकीकडे आणि नाना जळगावात एकटे. दीड महिना झाल्यावर त्यांनी रेल्वेने यायचं काढलं.

"दिवसभर आणि वर रात्रभर बसून येणार?" ऋजुता फोनवर म्हणाली. "जिना चढताना तुम्हाला धाप लागते, आई सांगत होती. विमानाने या, दोन तासांत पोचाल."

"नको गं बेटा. आपली रेल्वे बरी."

चार दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. "राहू दे, कशाला उठाठेव," नाना म्हणाले. तिसऱ्यांदा तिने फोन आईच्या हातात दिला आणि मागून स्वतःच बोलली, "नाना, माझ्यासाठी या. मी बनवलेलं तुम्ही कधी बघितलंच नाही."

"बरं," नाना म्हणाले, "काढ तिकीट."

घरात तिला रीत बरोबर आठवत होती.

"आणि नाना, वर गेल्यावर खुर्ची विचारेल, झुळूक हवी का. हो म्हणा. पैसे माझ्या खात्यातून जातील, तुम्ही काही द्यायचं नाही."

"हो हो," नाना म्हणाले.

विमान सकाळी साडेअकराला उतरलं. नाना सगळ्यात शेवटी बाहेर आले. हातात कापडी पिशवी, तिच्यात भरताची हिरवी वांगी. चालत होते सावकाश, पण हसत होते. ओठांचा रंग तिला जरा निळसर वाटला. दिव्याचा उजेड असेल म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस तिला तेच ओठ दिसत राहिले.

"कसं होतं विमान?"

"झकास."

"झुळूक घेतली ना?"

"विचारलं हो. फार गोड आवाजात विचारलं." नानांनी बाकाकडे पाहिलं. "जरा बसतो गं."

बसताना पिशवी कलंडली आणि वांगी फरशीवर घरंगळत गेली. ऋजुता ती वेचायला वाकली. तीन-चार वांगी गोळा करून तिने वर पाहिलं, तेव्हा नानांची मान एका बाजूला पडली होती.

दुपारी चारच्या सुमाराला ते गेले. डॉक्टरांनी सांगितलं की फुफ्फुसं धुराने आधीच निकामी होत आली होती, आणि हे त्यांना माहीत असणार, वर्षभर औषधं चालू होती. नाना दवाखान्यात कुणाला बरोबर येऊ देत नसत, ते का, हे आईला आत्ता कळलं. दोन तास रक्तात ऑक्सिजन कमी पडला आणि हृदयाचा ठेका बिघडला. "विमानामुळेच झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "नाही झालं, असंही म्हणणार नाही."

तेराव्याला माणसं जेवून गेल्यावर कुमुदताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "विमानात त्यांना कुणी हवं-नको विचारलं असेल ना गं?" त्यांनी विचारलं. "नीट विचारलं असेल ना?"

"हो आई," ऋजुता म्हणाली. "नीट विचारलं."

*

खुर्चीशी झालेलं बोलणं अभ्यासासाठी तीस दिवस साठवत आणि मग पुसून टाकत. ऋजुता कामावर परत गेली तो सव्विसावा दिवस होता. दोन दिवस तिला धीर झाला नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने दार लावून घेतलं आणि ती नोंद उघडली.

आसन सतरा सी. विचारणेच्या वेळी रक्तातला ऑक्सिजन चौऱ्याऐंशी. विचारणा एक. उत्तर नको. त्यानंतर उतरेपर्यंत ऑक्सिजनचा आकडा ब्याऐंशी ते चौऱ्याऐंशी. विमानातल्या कर्मचाऱ्यांना सूचना जायची ती ऐंशीच्या खाली गेल्यावर, त्यामुळे कुणी उठून आलं नाही.

मग तिने आवाज लावला.

"काका, विमान आता उंचावर आहे. तुम्हाला झुळूक हवी आहे का?"

"नको नको." नानांचा आवाज दमलेला, पण खुशीतला. "राहू द्या."

"ठीक आहे, काका. प्रवास सुखाचा होवो."

त्यानंतर दहा सेकंद ध्वनिमुद्रण चालू राहायचं, असा तिचाच नियम होता. ते दहा सेकंद तिने ऐकले. छातीत घरघर होती. आणि मध्येच नानांनी घसा खाकरला. दुसऱ्यांदा कुणी विचारायला आलं की ते नेहमी असा घसा खाकरायचे. ते वाट बघत होते.

तिला आता सगळं समजलं. पैसे नानांचे असते तर ते गिऱ्हाईक असते, आणि गिऱ्हाईक सरळ हो म्हणतं किंवा नाही म्हणतं. पैसे लेकीचे म्हटल्यावर ते पाहुणे झाले. लेकीच्या घरचं पहिल्याच हाकेला कसं घ्यायचं? त्यांनी रीतीचं नको म्हटलं आणि लेकीच्या यंत्राने ते पोटाचं धरलं. तेही तिच्याच सहीने. ती टेबलावर डोकं ठेवून रडली, आणि रडताना तिला स्वतःचा राग येत होता, इतका की श्वास लागत होता.

त्याच दुपारी ती इनामदारांकडे गेली.

"आतली हवा परत सहा हजारांवर आणा," ती म्हणाली. "ज्यांचा ऑक्सिजन पंचाऐंशीच्या खाली असेल त्यांना झुळूक न विचारता द्या, फुकट. आणि बाकीच्यांना तीनदा विचारा."

इनामदारांनी ऐकून घेतलं. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "पहिली दोन वर पाठवतो," ते म्हणाले. "तिसरं आपल्याच हातात आहे. करून बघू."

तिसऱ्याची वाक्यं ऋजुताने स्वतः लिहिली. दुसऱ्यांदा काय म्हणायचं, तिसऱ्यांदा काय म्हणायचं, मध्ये किती थांबायचं. चाचणीतले लोक वैतागत होते, कारण यंत्र तेच वाक्य पुन्हा म्हणत होतं. नाना तेच वाक्य कधी पुन्हा म्हणत नसत. दुसऱ्यांदा ते पदार्थ कमी करून विचारायचे, तिसऱ्यांदा स्वतःला मध्ये घालायचे. तसंच तिने लिहिलं.

तीन महिन्यांत झुळूक घेणारे शंभरातले एकोणीसचे सत्तेचाळीस झाले. जास्त भाडं देतील का, या प्रश्नाचं उत्तर तरंगला मिळालं. देतात, फक्त घरच्यासारखं मागे लागावं लागतं. दुसऱ्या कंपन्या येऊन ही पद्धत विकत घेऊन गेल्या. इनामदारांनी पुन्हा पेढे वाटले, ऋजुताच्या टेबलावर मात्र ठेवले नाहीत, तेवढं त्यांना कळत होतं. वर पाठवलेल्या दोन मागण्यांपैकी फुकट हवेची "विचाराधीन" राहिली. सहा हजारांची नामंजूर झाली. साधी हवा सुधारली तर सत्तेचाळीस जण झुळूक कशाला घेतील, असा साधा शेरा त्यावर होता.

ऋजुताने राजीनामा लिहिला होता. तो तिच्या खणात पडून होता. आपण गेलो तर सहा हजारांसाठी भांडणारं कुणी राहणार नाही, असं ती स्वतःला सांगायची. ते खरं होतं की नोकरी सोडवत नव्हती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

*

वर्षश्राद्धाला ती आईला घेऊन जळगावला निघाली. रेल्वेने जाऊ म्हणत होती, पण गुडघ्यामुळे आईनेच विमानाचं तिकीट काढायला लावलं.

विमान वर चढलं. कुमुदताई खिडकीशी होत्या, मांडीवर नानांचा फोटो रुमालात गुंडाळलेला. त्यांच्या खुर्चीवरचा छोटा दिवा लागला.

"काकू, विमान आता उंचावर आहे. झुळूक हवी का?"

"नको बाई," कुमुदताई म्हणाल्या, आणि कौतुकाने ऋजुताकडे वळल्या. "हेच का तुझं?"

"हो."

थोडा वेळ गेला. खाली ढगांशिवाय काही दिसत नव्हतं. दिवा पुन्हा लागला.

"काकू, सगळी नको तर निम्मी घ्या. निम्म्याने काय होतंय?"

कुमुदताई एकदम ताठ बसल्या. त्यांचा हात रुमालावर गेला. "अगं, हे तर ह्यांचं बोलणं. बट्टी घेऊन असेच उभे राहायचे. निम्मी घ्या, निम्म्याने काय होतंय." त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "राहू दे रे बाबा," त्या खुर्चीला म्हणाल्या.

मग पदराने डोळे पुसून त्यांनी विचारलं, "त्यांनाही असंच विचारलं ना गं?"

"हो ना आई," ऋजुता म्हणाली. "सांगितलं होतं ना मी." ती समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होती.

कुमुदताईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. नानांबरोबर त्यांनी अडतीस वर्षं खाणावळ चालवली होती. कोण खरंच जेवलंय आणि कोण अर्धपोटी उठतोय, हे त्यांना तोंडाकडे बघून कळायचं. त्यांनी मनात जुळवून बघितलं असावं. तीनदा विचारलं असतं, तर ह्यांनी घेतली असती. तिसऱ्यांदा ह्यांनी कुणाला कधी नको म्हटलेलं नव्हतं. आणि झुळूक घेतली असती, तर शेवटी पाहिलं तेव्हा ह्यांचे ओठ तसे निळे दिसले नसते.

"ऋजू," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "इकडे बघ. किती वेळा विचारलं त्यांना?"

ऋजुताने वर बघितलं. सांगण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. नियम, चाचण्या, डॉक्टरांचं ते बोलणं, सहा हजारांचा शेरा.

"एकदा," ती म्हणाली. "एकदाच विचारलं, आई. मीच तसं लिहिलं होतं."

कुमुदताईंनी फोटो छातीशी धरला. त्या रडल्या नाहीत, ऋजुताचा हात त्यांनी हातात घेतला नाही आणि झटकलाही नाही. विमानाचा आवाज तेवढा चालू होता. त्यांचा श्वास आता वरवर चालला होता, ते शेजारी बसलेल्या ऋजुतालाही ऐकू येत होतं.

तिसऱ्यांदा दिवा लागला.

"काकू, माझ्यासाठी घ्या."

ऋजुता आईच्या तोंडाकडे बघत राहिली. घे, आई, असं तिला म्हणायचं होतं, पण म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

"नको," कुमुदताई म्हणाल्या.

यंत्राने आभार मानले आणि दिवा मालवला.